शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी: कुंडीत मजेत वाढते, मग धोक्यात कशी?

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे' जरा कमी केलेत, बाकी बरंचसं जसंच्या तसं.)

 

'पुष्पा' पाहिलाय ना? मग रक्तचंदन काय असतं ते मी सांगायला नको. आपल्या सरकारची २९ नोंदींची एक यादी आहे. त्या यादीतली वनस्पती रानातून काढून देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. रक्तचंदन त्या यादीत आहे. हिमालयातली जटामांसी आहे, कुटकी आहे, सर्पगंधा आहे. या सगळ्यांना बाजारात भाव आहे, त्यामुळे त्यांचं नाव तिथे का आलं हे लगेच कळतं. पण याच यादीत आणखी एक नाव आहे, फ्रेरिया इंडिका, आणि त्यापुढे कंसात 'शिंदळ मांकुंडी'. हिच्यासाठी जंगलात कुणी ट्रक घेऊन जात नाही. हिच्यावर सिनेमा निघणार नाही. आणि ही हिमालयातली नाही, केरळातलीही नाही. ही फक्त आपल्या महाराष्ट्रात सापडते. जुन्नर परिसर आणि शिवनेरी, पुरंदर आणि वज्रगड, साताऱ्याजवळचा सज्जनगड, भंडारदऱ्याकडचा रंधा धबधबा, अशी मोजकी ठिकाणं आहेत. जगात दुसरीकडे कुठेही ही रानात उगवत नाही.

आज हिच्याबद्दल बोलायचंय. त्यातही एका कोड्याबद्दल. ही वाढवायला फार सोपी आहे, आणि तरीही धोक्यात आहे. हे कसं काय?

आधी ओळख करून देते. मराठीत शिंदळ माकुडी, कुणी माकडी म्हणतं. आता यातला पहिला शब्द जुन्या मराठीत शिवी आहे, हे मला माहितीये. आजीसमोर हा भाग स्पीकरवर लावू नका! वनस्पतींच्या गावठी नावांमध्ये असं बरंच काही असतं, आणि मला ती नावं पुस्तकी नावांपेक्षा जास्त आवडतात.

दिसायला कशी? झुडूप म्हणावं तर उंची नाही, वेल म्हणावं तर कशाला वेढे घालत नाही. करंगळीएवढ्या जाडीच्या मांसल, करड्या-हिरव्या फांद्या खडकाच्या फटीतून बाहेर येतात आणि कड्यावरून खाली लोंबतात. पावसाळ्यात त्यांना जाडसर हिरवी पानं फुटतात. पाऊस सरत आला की ताऱ्यासारखी पाच पाकळ्यांची फुलं येतात, साधारण दोन-अडीच सेंटिमीटरची. रंग गडद लाल, वाइनसारखा, त्यावर पिवळट नक्षी आणि पाकळ्यांच्या कडेला बारीक केसांची झालर. उन्हाळ्यात मात्र पानं झडून जातात आणि उरतात नुसत्या काड्या. मार्च-एप्रिलमध्ये तुम्ही तिच्या शेजारी उभं राहून सेल्फी काढाल आणि ती तिथे आहे हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

शास्त्रीय नावाची गोष्ट छोटी आहे. १८६० च्या दशकात निकोल डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नरजवळच्या डोंगरातून हिची शास्त्रीय नोंद केली. डाल्झेल मुंबई इलाख्याच्या वनखात्यात मोठ्या हुद्द्यावर होता. त्याने नाव दिलं ते तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचं. हे फ्रेअर त्याआधी साताऱ्याला रेसिडेंट होते, म्हणजे सज्जनगड त्यांच्या अगदी नजरेसमोर. शिवनेरीवरचं फूल, नाव इंग्रज गव्हर्नरचं. पुढे शास्त्रज्ञांनी हिची नातीगोती नव्याने तपासली, हिला बाउसेरोसिया या वंशात टाकलं, आणि काहींनी तर तो अख्खा गटच सेरोपेजिया, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांच्या वंशात घातला. नावांच्या या भांडणात आपण पडायला नको. मी आज फ्रेरियाच म्हणणार आहे.

आता मला हिच्याबद्दल सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट.

झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात, त्यासाठी पानांवरची बारीक छिद्रं उघडतात. छिद्रं उघडली की पाणीही बाहेर जातं. पावसाळ्यात काय, पाणी भरपूर, दिवसभर दारं उघडी ठेवा. पण निवडुंगासारख्या कोरड्या जागेतल्या बऱ्याच वनस्पती ही दारं रात्री उघडतात. गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवायचा, आणि दिवसा दारं बंद ठेवून आतल्या आत तो वापरायचा. पाणी वाचतं, पण वाढ हळू होते.

बहुतेक झाडं यातली एकच पद्धत निवडतात. फ्रेरिया दोन्ही वापरते. तिची पानं साध्या पद्धतीने चालतात, दिवसा दारं उघडी. तिची खोडं निवडुंगाच्या पद्धतीने चालतात, रात्री दारं उघडी. म्हणजे पावसाळ्यात पानं लावून जोरात वाढायचं, पाऊस गेला की पानं टाकून द्यायची आणि खोडावर तग धरायचा. हायब्रीड गाडी असते ना, तशी. पावसाळ्यात एक इंजिन, उन्हाळ्यात दुसरं. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने तापलेला खडक, हे सह्याद्रीचं हवामान जणू तिच्या अंगातच लिहिलंय.

हे शोधलं कुणी, तर लांगे आणि त्सुबर या जर्मनीतल्या दोन शास्त्रज्ञांनी, १९७७ मध्ये. आणि इथेच आपलं कोडं सुरू होतं. आपल्या कड्यांवरची ही दुर्मीळ वनस्पती तेव्हाच युरोपात काचेच्या घरात कुंड्यांमध्ये वाढत होती. आजही परदेशातल्या सक्युलंटच्या शौकिनांकडे ती असते. एक फांदी कापायची, जखम दोन-चार दिवस सुकू द्यायची, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत खोचायची, बास. मुळं फुटतात. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनानेही तिची रोपं तयार करता येतात, ते काम आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी केलंय.

मग एकेकाळी आययूसीएनने, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या लाल याद्या करणाऱ्या जागतिक संघटनेने, हिला जगातल्या सगळ्यात धोक्यातल्या १२ वनस्पतींमध्ये का बसवलं? हजार कुंड्या भरल्या की प्रश्न मिटला, असं नाही का?

नाही. का नाही, ते सांगते. हा भाग नीट ऐका, कारण हे नुसतं फ्रेरियाला नाही, बऱ्याच झाडांना लागू आहे.

फांदी लावून केलेलं रोप म्हणजे नवीन रोप नव्हे. ते जुनंच रोप असतं, दुसऱ्या कुंडीत. एका रोपाच्या हजार फांद्या लावल्या तरी अनुवंशाच्या हिशेबात तुमच्याकडे रोप एकच. उद्या एखादी बुरशी आली आणि त्या एकाला तिच्याशी लढता आलं नाही, तर हजारच्या हजार जातील. नवीन जोडणी, नवीन गुण हे सगळं बियांमधून येतं. आणि बी धरणं हे फ्रेरियासाठी भलतंच नाजूक काम आहे.

ही रुईच्या कुळातली. रुई तुम्हाला माहितीये, मारुतीला वाहतो ती. या कुळात पराग पावडरीसारखे सुटे नसतात. ते छोट्या छोट्या पिशव्यांमध्ये बंद असतात. दोन पिशव्या, आणि त्यांना जोडणारी एक चिमटी. ही जोडी फुलाच्या मधोमध असलेल्या खांबावर बसवलेली असते. कीटक आला, इकडेतिकडे तोंड खुपसायला लागला, आणि त्याची सोंड किंवा पाय त्या चिमटीत अडकला की तो जोर लावून सुटतो आणि पिशव्या सोबत घेऊन उडतो. इतपत ठीक. आता त्याने दुसऱ्या फुलावर जायचं. आणि तिथल्या एका अरुंद खाचेत ती पिशवी बरोबर सरकायला हवी. जरा तिरकी गेली तरी काम फसलं. कुलूप आणि किल्ली म्हणा ना. फक्त किल्ली माशीच्या सोंडेला बांधलेली आहे आणि माशीला कुलुपाशी काही देणंघेणं नाही.

हो, माशी. मधमाशी नाही, साधी माशी. मांसाच्या रंगाची ही अशी फुलं माशांना बोलावण्यासाठीच असतात. या गटातल्या कित्येक फुलांना सडक्या मांसाची आठवण करून देणारा वाससुद्धा येतो. त्यामुळे 'निसर्ग वाचवा'च्या पोस्टरवर मधमाशी आणि फुलपाखरू असतं, तिथे फ्रेरियासाठी माशी काढावी लागेल. चालेल ना?

सगळं जुळून आलं तर एका फुलातून दोन लांबट शेंगा येतात, शिंगांच्या जोडीसारख्या. त्या उकलल्या की आतून म्हाताऱ्या उडतात. लहानपणी पकडायला धावायचो त्या रुईच्या म्हाताऱ्या आठवा, तशाच, रेशमी शेंडी असलेल्या. वाऱ्यावर बी निघालं. आता ते कुठे पडणार? दरीत पडलं तर दाट झाडीत सावलीखाली गेलं. पठारावर पडलं तर गवतात. त्याला हवी असते खडकातली एखादी फट, मूठभर माती, पावसात पाझर आणि नंतर पूर्ण निचरा. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालाय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास. त्या थरांमध्ये काही कठीण, काही मऊ, म्हणून कड्यावर आडव्या पट्ट्या आणि खोबणी तयार होतात. फ्रेरियाची घरं ती. पण उडणाऱ्या बीने नेमकं तिथेच उतरायचं म्हणजे नशीबच लागतं.

मग आता विचार करा. एका कड्यावर थोडी रोपं, दुसऱ्या कड्यावर थोडी, मध्ये पन्नास किलोमीटर गावं, शेती, हायवे. माशी तेवढी उडत नाही. म्हणजे शिवनेरीच्या फुलाला सज्जनगडाचे पराग कधीच मिळणार नाहीत. प्रत्येक गड एक बेट झालंय.

आणि या बेटांवर काय चाललंय? कड्याच्या वरच्या बाजूला गवत असतं. जानेवारीनंतर ते वाळतं आणि वणवा लागतो. कधी चुकून, कधी पुढच्या वर्षी गवत चांगलं यावं म्हणून मुद्दाम. कड्याच्या काठावरच्या फ्रेरियाला त्याची धग बसते, आणि नेमक्या त्या काळात तिच्याकडे पानं नसतात, साठवलेलं पाणी खोडातच असतं. शेळ्या आहेत. दरडी कोसळतात, रस्त्यासाठी डोंगर कापतात. शिवाय फांदी लावली की जगते हे कळलेले लोक आहेत, जे ट्रेकला जाताना खिशात ब्लेड ठेवतात.

शेळ्यांवरून मला एक प्रश्न पडतो. आपण म्हणतो ही कड्यावरची वनस्पती. पण कुंडीत तर ती सपाट मातीत मजेत वाढते. मग तिला खरंच कडा आवडतो, की शेळीचं तोंड पोचत नाही अशी तेवढीच जागा उरलीये? दोन्ही थोडं थोडं खरं असेल. पण रोपं परत कुठे लावायची हे ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. दिसते तिथेच लावायची, की जिथे ती पूर्वी असू शकली असती तिथेही?

कारण परत लावण्याचे प्रयत्न झालेत, आणि ते आपल्याच लोकांनी केलेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय पुण्यात आहे, १९५५ पासून. सातारा जिल्ह्यात शिरवळजवळ शिंदेवाडीला नौरोजी गोदरेज सेंटर फॉर प्लांट रिसर्च आहे. तिथल्या संशोधकांनी फ्रेरियाचं परागीभवन, बी धरणं हे सगळं अभ्यासलं, रोपं तयार केली, डोंगरांवर नेऊन लावली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी फ्रेरियाच्या चुलत घराण्याचं, कंदीलपुष्पांचं, असंच काम उभं केलं. विद्यापीठाच्या उद्यानात दुर्मीळ जाती एकत्र आणून वाढवल्या.

रोप डोंगरावर लावलं की फोटो येतो, बातमी येते. खरी परीक्षा नंतर असते. पहिला उन्हाळा काढला का? वणव्यातून वाचलं का? फूल आलं का? फूल आलं तर माशी आली का? शेंग धरली का? आणि शेवटचा, सगळ्यात अवघड प्रश्न, त्या शेंगेतून उडालेल्या बीचं एखादं रोप, कुणी न लावता, एखाद्या फटीत आपोआप उगवलं का? याला पाच वर्षं लागतील, कदाचित पंधरा. तोवर प्रोजेक्टचे पैसे संपलेले असतात, पीएचडी करणारी मुलगी नोकरीला लागलेली असते. माझं मत विचाराल तर आपल्याकडे रोपं कमी पडत नाहीत. रोपाकडे दरवर्षी जाऊन बघणारी माणसं कमी पडतात.

आता गडांचं बघू. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात शिवनेरी आहे. अभिमान वाटलाच, स्टेटस मीही ठेवलं. पण गडाचं जतन म्हटलं की पहिलं काम असतं तटबुरुजावरची झाडं काढणं. तेही बरोबर आहे, वड-पिंपळाची मुळं चिरा फोडतात. मात्र साफसफाई करणाऱ्या माणसाला वडाचं रोप आणि फ्रेरियाची वाळकी काडी यातला फरक कुणीतरी दाखवायला हवा. तुमच्यातले बरेच जण गडसंवर्धनाच्या ग्रुपमध्ये आहात, श्रमदानाला जाता. कोयता हातात घेण्याआधी एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना सोबत न्या. जुन्नर, सातारा, पुणे, कुठल्याही कॉलेजात असं कुणीतरी असतंच, आणि बोलावलं तर त्यांना आनंदच होतो.

राहिला फोन. तुम्हाला ही सापडली, तर फोटो काढणारच, काढा. पण फोटोसोबत फोन जागेचे अक्षांश-रेखांशही जपून ठेवतो, जर कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती साधारणपणे निघून जाते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की सोबत जाते. इन्स्टावर तर आपण स्वतःच लोकेशन टाकतो, 'अमुक दरवाज्याच्या डावीकडे' असं कॅप्शनमध्ये लिहितो. ते नका लिहू. नोंद करायचीच असेल तर आयनॅचरलिस्टसारख्या अ‍ॅपवर करा. तिथे धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा आपोआप धूसर केली जाते, सुमारे वीस किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी एवढंच लोकांना दिसतं. फक्त ओळख पटेपर्यंत जागा उघडी राहू शकते, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ती आधीच झाकलेली बरी. अशी नोंद अभ्यासकांच्या कामाला येते आणि ब्लेडवाल्याच्या हाती लागत नाही.

एका श्रोत्याने विचारलं होतं, नर्सरीत मिळाली तर घ्यावी का? वाढवलेल्या रोपाची छाट असेल आणि विकणारा ती कुठून आली हे सांगू शकत असेल, तर घ्यायला माझी ना नाही. दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, पावसाळ्याबाहेर पाणी अगदी कमी. पानं गळली म्हणून मेली समजून फेकू नका. कुठून आणली असं विचारल्यावर 'गडावरून' असं उत्तर आलं, तर मात्र तिथून निघा. आणि घरची फांदी स्वतःच्या मनाने गडावर नेऊन लावू नका, हेतू कितीही चांगला असला तरी. कुंडीतली कीड आणि बुरशी सोबत जाते, आणि कुठलं रोप मूळचं, कुठलं लावलेलं, याचा अभ्यासकांचा सगळा हिशेब बिघडतो.

रानात बघायची असेल तर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचे दिवस चांगले. शिवनेरीला सात दरवाज्यांच्या वाटेनेच जा, कड्यावर उतरायचं धाडस करू नका, पावसात तो खडक साबणासारखा असतो. छोटी दुर्बीण असेल तर घ्या, नसेल तर फोनचा झूम पुरतो. वर बघा, उभ्या खडकाच्या फटीतून लोंबणाऱ्या जाड हिरव्या फांद्या आणि त्यावर लाल चांदण्या. दिसल्या तर मला कळवा. कुठे दिसल्या, ते मात्र सांगू नका!

चला, भेटू पुढच्या भागात.